तळटीप १७ : फेटिश-हार

१७. फेटिश-हार : अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील झुनी लोकांचा हार. पिरोजा, पोवळे, काळा जेट, शिंपला यांतून कोरलेले चिमुकले पक्षी, अस्वले बारीक मण्यांमध्ये ओवतात. ज्या मूर्तीत त्या प्राण्याची शक्ती वसते असे मानतात ती ‘फेटिश’. विक्रीचे हार मात्र बहुधा निव्वळ दागिने. लीक्या देयुसे (१८८९–१९६६) हे यातले नामांकित कारागीर. फिलिपीन्समधून येणाऱ्या नकलांतले पक्षी पुष्कळदा राळेचे, एकाच साच्यातले. हाताने कोरलेल्यांत प्रत्येकाची चोच, शेपूट जराशी निराळी. परका माल मूलनिवासींचा म्हणून विकणे १९९०च्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. कारागिराचे नाव व जमात पावतीवर लिहून घेण्याचा लेखकाचा आग्रह त्यासाठीच.