शूर्पारकाचा वणिक्‌संघ

नालासोपाऱ्याच्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या गर्दीला पश्चिमेकडील जुनें सोपारें हें केवळ एक गांव वाटत असेल. पण हेंच प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील ‘बुरूड राजाचा कोट’ नांवाचें टेकाड खणलें, आणि आंतून बौद्ध स्तूप व अवशेषांचा करंडा बाहेर आला. या बंदरांत व्यापारी एकटा असा नसेच. त्याच्या पाठीशीं त्याचा संघ असे, आणि डोक्यावरहि तोच असे.

‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहांत पूर्ण नांवाच्या शूर्पारकच्या व्यापाऱ्याची कथा आहे. ती इतिहास नव्हे. परंतु बाजारांतील रीतिभाति तींत स्वच्छ दिसतात. पूर्ण हा भव नांवाच्या धनिकाचा दासीपुत्र. एकदां बंदरांत ५०० व्यापारी माल घेऊन आले. गांवच्या वणिक्‌संघाचा ठराव असा होता कीं, कोणीं एकट्यानें जाऊन माल घेऊं नये, घ्यावयाचा तो सर्वांनीं मिळून घ्यावा. ठरावाचें मर्म उघड आहे : घेणारे आपसांत चढाओढ करूं लागले कीं भाव विकणाऱ्याच्या हातीं जातो. पूर्णानें मात्र १८ लक्ष सुवर्णांचा सौदा ३ लक्ष विसार देऊन एकट्यानेंच उरकला. संघ खवळला. ६० कार्षापण दंडापायीं त्यानें पूर्णाला भर उन्हांत उभें केलें. प्रकरण राजापर्यंत गेलें, तेव्हां पूर्णानें एवढेंच विचारलें कीं, ठराव करतांना मला किंवा माझ्या भावाला बोलावलें होतें काय? बोलावलेलें नव्हतें. राजानें पूर्णाचें म्हणणें योग्य ठरविलें. पुढें राजालाच त्या मालाची गरज पडली, आणि संघाला पूर्णाच्या दारीं जावें लागलें!

मग इतका जाच सोसून लोक संघांत राहत कां? याचें उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेलें आहे. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें शूर्पारकांत वाटसरूंसाठीं धर्मशाळा बांधली. त्याच उषवदातानें ४२ व्या वर्षीं गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमचे ठेवले. २००० दरमहा शेंकडा १ व्याजानें व १००० शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें भिक्षूंनीं घ्यावयाचें. २००० चें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण मिळावयाचे. हिशेब तंतोतंत जुळतो. मनुस्मृतींत तारणावरील कर्जाचें व्याज दरमहा शेंकडा सव्वा सांगितलें आहे. म्हणजे जें भांडवल एकट्या विणकराला सव्वा शेंकड्यानें, आणि तेंहि तारण ठेवून मिळावयाचें, तें श्रेणीला त्याहून स्वस्त व मुदतीवांचून मिळत होतें. माणूस मरतो, श्रेणी मरत नाहीं, हा तिच्या पतीचा आधार. पुढें आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळीं विष्णुदत्ता नांवाच्या शक उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं पैसे ठेवले, तेहि तेल्यांच्या व इतर कारागिरांच्या श्रेणींकडेच.

पैशापलीकडेंहि कांहीं होतें. बृहस्पतिस्मृतींत संघाच्या सामाईक कामांत सभागृह, पाणपोई, तळें यांच्या जोडीनें दीन-अनाथांना साहाय्य व त्यांचे संस्कार हेहि येतात. लाट देशांतील, म्हणजे सोपाऱ्याच्या उत्तरेकडील, रेशीमविणकर घरदार सोडून दूर दशपुरास गेले, ते श्रेणीसह गेले. तेथें कोणी धनुर्विद्या शिकला, कोणी ज्योतिष. तरी श्रेणी मोडली नाहीं. इ. स. ४३७ च्या सुमारास तिनें सूर्यमंदिर बांधलें, आणि ४७३ मध्यें त्याचा जीर्णोद्धारहि तिनेंच केला.

याज्ञवल्क्यानें संघाचें द्रव्य हरण करणाऱ्यास व ठराव मोडणाऱ्यास सर्वस्व हिरावून हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. पूर्ण त्यांतून सुटला, तो केवळ ठरावाच्या वेळीं बाहेर ठेवला गेला म्हणून. त्याच पूर्णाला पुढें समुद्रावर जावयाचें होतें, तेव्हां त्यानें शूर्पारकांत घंटा वाजवून दवंडी पिटविली, आणि ५०० व्यापारी त्याच्या गलबतावर चढले.