संघात प्रवेश कुणाचा आणि विचारले कुणाला?

एखादा प्रदेश मोठ्या राजकीय संघात सामील होतो तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात दोन गोष्टी हमखास येतात: तारीख आणि सही. सही राजाची असते, नाहीतर मंत्र्याची. त्या प्रदेशातल्या भूमिहीन वारल्याला, गावकुसाबाहेरच्या महाराला त्या दिवशी काय मिळाले, हे त्या पानावर नसते. आंबेडकरी कार्यकर्त्याने इतिहास वाचायचा तो या रिकाम्या जागेवर बोट ठेवून.

मार्च १९४७. स्वातंत्र्याला अजून पाच महिने होते. बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केले: 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. त्यातल्या राज्य समाजवादाबद्दल आपण शिबिरांत भरपूर बोलतो. पण त्याच निवेदनाच्या सुरुवातीला संस्थानांच्या प्रवेशाचे कलम आहे, ते फारसे वाचले जात नाही. बाबासाहेबांची मांडणी अशी: संस्थानाने अर्ज करावा, संघाच्या विधिमंडळाने कायद्याने ठरवलेल्या कसोटीला उतरावे, मगच प्रवेश. संस्थानाचा आकार आणि साधनसंपत्ती एवढी आहे का, की ते आपल्या प्रजेला किमान दर्जाचे प्रशासन आणि कल्याण देऊ शकेल? जे देऊ शकत नाही ते अपात्र. त्याच्या प्रदेशाची फेररचना करावी. राजाचे घराणे किती जुने, तोफांच्या सलाम्या किती, याला या कसोटीत जागा नव्हती.

आता ही कसोटी आपल्याच पालघर जिल्ह्याला लावून पाहा. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. राजे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. विलीनीकरण योग्यच होते. पण संघात आल्यावर प्रजेला किमान जीवनमान मिळाले का? १९९२ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर ४४ वर्षांनी, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. नकाशा बदलला होता, पोटातली भूक तीच राहिली होती.

संविधानात अखेर काय आले, तेही नीट समजून घेऊ. अनुच्छेद २ ने नवे प्रदेश संघात घेण्याचा आणि अनुच्छेद ३ ने राज्यांच्या सीमा, नावे, क्षेत्र बदलण्याचा अधिकार संसदेला दिला. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. अनुच्छेद ४ नुसार असा कायदा साध्या बहुमताने होतो, त्याला घटनादुरुस्ती मानले जात नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी 'युनियन' या शब्दाचे कारण सांगितले: हा संघ घटक राज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कुणाही घटकाला फुटून निघण्याचा हक्क नाही.

काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी केंद्राच्या हाती फार सत्ता दिली. त्यांनी तेलंगणाकडे पाहावे. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने ते विधेयक फेटाळले, तरी संसदेने कायदा केला आणि २ जून २०१४ ला तेलंगणा अस्तित्वात आले. राज्याची संमती सक्तीची असती, तर प्रत्येक राज्यातल्या वरचढ जातीच्या हातात नकाराधिकार गेला असता. १९५५ च्या 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' मध्ये बाबासाहेबांनी हाच धोका दाखवला होता: एका भाषेच्या राज्यात एका मोठ्या जातीचे राज्य होऊ शकते आणि लहान जाती तिच्या दयेवर राहतात.

मात्र उणीव कुठे आहे? केंद्राकडे सत्ता आहे ही उणीव नव्हे. अनुच्छेद ३ विधानसभेला विचारायला सांगतो, माणसांना विचारायला सांगत नाही, ही उणीव आहे. १९५६ मध्ये मुंबई राज्याचा निर्णय कसा झाला? विधेयकात आधी महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. संसदेने त्याचे एकच द्वैभाषिक राज्य केले. बाबूलाल पराते यांच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की विधेयक एवढे बदलले तरी विधानसभेला पुन्हा विचारण्याची गरज नाही. पुढे १ मे १९६० ला ठाणे जिल्ह्याचा उंबरगाव तालुका दुभंगला. त्याची बरीच गावे गुजरातेत गेली, उरलेली तलासरीची झाली. हा तोच मुलूख, जिथे १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. एकाच जमातीच्या वस्त्या दोन राज्यांत गेल्या. मराठी आणि गुजराती यांच्या भांडणात वारली हा पक्षकारच नव्हता.

तलासरीच्या पलीकडे दादरा आणि नगर हवेली. १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्ता तिथून गेली आणि पुढची सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. १९६१ मध्ये पंचायतीने विलीनीकरणाची मागणी केली. करारावर सही करायला कुणीतरी शासनप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला एका दिवसापुरते पंतप्रधान केले गेले. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून तो प्रदेश भारतात आला. बहुसंख्य प्रजा आदिवासी आणि सही अधिकाऱ्याची!

लोकांना विचारता येते, हे गोव्याने दाखवले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ लोकांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला, १,३८,१७० लोकांनी होकार. आपल्याकडच्या अनेकांना निकाल रुचला नाही, तरी तो मानावा लागला. मग गोवेकराला विचारता येते, तर वारल्याला का नाही?

युरोपीय संघाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे प्रवेशासाठी सगळ्या सदस्य देशांची संमती लागते. १९९३ च्या कोपनहेगन निकषांनुसार लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचे रक्षण या अटी पाळाव्या लागतात. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये प्रवेशाला कसोटी लावली होती, हे इथे आठवावे. पण कागदावरच्या अटीने जात मरत नाही, तसा वंशद्वेषही मरत नाही. २००४ मध्ये दहा देश एकदम आत आले, त्यात चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी होते. २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने चेक प्रजासत्ताकाला दोषी धरले, कारण रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या शाळांत ढकलले जात होते. हंगेरीतल्या सायोकाझा गावात रोमा कार्यकर्त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि तिला नाव दिले डॉ. आंबेडकरांचे. ब्रुसेल्सच्या निकषांनी जे दिले नाही, ते शोधत ही माणसे बाबासाहेबांपर्यंत पोहोचली.

आता आपले घर. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. या वादात पाणी, कर, हरित पट्टा यांची चर्चा खूप झाली आणि ती व्हायलाच हवी. पण गावात राहावे की शहरात, हे ठरवताना बौद्धवाड्याची दफनभूमी, पाड्याची वहिवाट, मागासवर्गीयांसाठीचा राखीव निधी यांचे काय होणार, हे किती सभांत विचारले गेले?

पालघरचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे, वसई तालुक्यातली काही गावेही त्यात येतात. अनुच्छेद २४३ झेडसी सांगतो की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. तो संसदेनेच कायदा करून लागू करावा लागतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. शहर पूर्वेकडे सरकते आहे. उद्या हद्दवाढीची अधिसूचना निघेल, हरकतींसाठी ठरावीक दिवस मिळतील, आणि त्या दिवसांत ज्याचा अर्ज दाखल असेल त्याचेच म्हणणे नोंदीवर राहील.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या मंडळाइतकीच ग्रामसभेची आणि अधिसूचनेची खबर ठेवा. गाव आत जावे की बाहेर राहावे, यावर आपल्यात मतभेद असतील, असू देत. अट मात्र १९४७ चीच ठेवा: सर्वांत खालच्या माणसाला किमान काय मिळणार, ते आधी लिहून द्या, मग हद्द आखा.

जय भीम!