लिव्हर ‘पी’वर, पण गाडी?

गेल्या महिन्यात माझी जुनी ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर, म्हणजे पार्कवर लावून मी उतरलो आणि ती हळूच मागे सरकायला लागली. दार उघडंच होतं, म्हणून हात घालून हँडब्रेक ओढता आला. मागे कुणी मूल असतं तर? गॅरेजवाल्या काकांनी केबलच्या टोकातून झिजलेला बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला. बटणाएवढं प्लास्टिक!

म्हणून आज या लिव्हरची आणि बुशची गोष्ट. ती सुरू होते अमेरिकेत, १९३९ साली. जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्डस्मोबिल मॉडेलसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स आणला. क्लच गेला, पण लिव्हरचा क्रम अडचणीचा होता. ‘पी’ नव्हताच, इंजिन बंद करून ‘आर’मध्ये टाकलं की गाडी अडकून राहायची. आणि ‘एल’ला, म्हणजे लो गिअरला, खेटूनच रिव्हर्स! हात जरा जास्त गेला की घोटाळा. त्यात सगळ्या कंपन्यांचा क्रम एकसारखा नव्हता. राल्फ नेडर यांनी १९६५च्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’मध्ये यावर बोट ठेवलं. १९६८पासून अमेरिकेत नियमच झाला: पुढचे गिअर आणि रिव्हर्स यांच्यामध्ये न्यूट्रल हवाच.

अक्षरांचा गोंधळ मिटला. पण लिव्हर फक्त अक्षर दाखवतो. खरा गिअर बदलतो तो गिअरबॉक्सवरचा दांडा. दोघांना जोडते केबल, आणि तिच्या टोकाला हा बुश. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो झिजतो, चिरतो. आधी लिव्हर ढिला लागतो, मग एक दिवस केबल निसटते. लिव्हर म्हणतो ‘पी’, गिअरबॉक्स मात्र ‘आर’मध्येच! २०२२मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या याच बुशपायी परत बोलावल्या.

माझा बुश बदलणं तसं सोपं होतं. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, केबलचं टोक सोडवलं, नवा बुश पकडीने दाबून बसवला. मग काकांनी एकेक अक्षर तपासलं. गाडी फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्येच स्टार्ट झाली, तेव्हा कुठे त्यांनी किल्ली हातात दिली.

तेव्हा मंडळी, लिव्हर सैल लागला तर चालढकल नको. आणि ‘पी’ दिसला तरी हँडब्रेक ओढूनच उतरा. भेटू पुढच्या भागात!