चॉबमच्या छावणीचीं चित्रें

सन १८५३ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांतील सरे परगण्यांत चॉबमच्या माळावर लॉर्ड सीटन यांच्या आधिपत्याखालीं मोठी लष्करी छावणी पडली. ता. २१ जून रोजीं व्हिक्टोरिया राणीनें स्वतः सैन्याची पाहणी केली. तेथील कवाइतींचीं शिळाछाप चित्रें व नियतकालिकांतील लाकडी ठशांचीं चित्रें संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांचें प्रामाण्य कितपत मानावें, हें येथें पाहावयाचें आहे.

पोथीप्रमाणें चित्राचीही प्रत पारखावी लागते. शिळेवरून आकृति उमटे. रंग पुष्कळदां मागाहून हातानें भरीत. म्हणून एकाच शिळेच्या दोन प्रतींत रंगभेद आढळल्यास तो पाठभेदासारखा समजावा. केवळ त्यावरून पलटणीचा पोषाख ठरवूं नये.

दुसरें असें कीं, पायदळाच्या सरळ रांगा, तंबू व निशाणें यांवर चित्रकाराची दृष्टि सहज खिळे. रसदखात्याची उणीव चित्रांत उमटत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८५४ च्या हिवाळ्यांत, क्रिमियांत ब्रिटिश लष्कराचे अन्न, वाहनें व शुश्रूषा यांच्या अभावीं अतोनात हाल झाले. तेव्हां हीं चित्रें कवाइतीचा पुरावा होत, युद्धसिद्धतेचा नव्हत, असें आमचें मत आहे.