यार्डातले इंजिन आणि टेबलावरचे इंजिन

माणगावच्या स्टेशनाने वाफेच्या इंजिनाचा जमाना पाहिलाच नाही. मुंबईपुण्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणीत कोळशाचा धूर असतो, लालभडक भट्टी असते, फलाटाच्या टोकाचा पाण्याचा नळ असतो. आपल्या तालुक्याच्या वाट्याला हा ठेवा आला नाही. रूळ रोह्यापर्यंत १९८६ साली पोचले. कोकण रेल्वेची कोनशिला तेथे सप्टेंबर १९९० मध्ये बसली आणि रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली खुला झाला. तेव्हा कोठे माणगाव आगगाडीच्या नकाशावर आले. नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्यांनी ज्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षे घसा कोरडा केला, ती प्रत्यक्षात आली तेव्हा वाफेचे युग मावळत होते. आले ते डिझेलचे इंजिन. पुढे जून २०२२ मध्ये सबंध कोकण रेल्वेचे विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झाले. तेव्हा ज्याच्या गोष्टी नातवंडांना सांगाव्यात असे 'जुने इंजिन' आपल्यापुरते तरी डिझेलचेच आहे, आणि तेही आता इतिहासजमा होऊ लागले आहे.

या डिझेल घराण्यातील सर्वांत धाकट्या भावंडाविषयी मला येथे लिहावयाचे आहे. कारखान्याच्या आवारात, बंदरात किंवा गोदामापाशी चारदोन वाघिणी पुढेमागे ढकलीत राहणारे ते ठेंगणे शंटिंगचे इंजिन. आणि त्याहूनही ठेंगणी, तळहातावर मावणारी, त्याची चालती प्रतिकृती. खेळण्यातील आगगाडी हा काय व्याख्यानमालेचा विषय झाला, असे कोणाच्या मनात आल्यास त्यांना माझी विनंती एवढीच की, थोडा दम धरावा. मोठ्या वस्तू लहान करता येतात. लहान वस्तू अधिक लहान करताना माणसाची खरी परीक्षा होते. शिवाय कोणत्या वस्तूची प्रतिकृती करावीशी वाटली आणि कोणत्या वस्तूची वाटली नाही, हाही इतिहासच आहे.

आधी खऱ्या इंजिनाकडे पाहू. वाफेच्या इंजिनाला सकाळी कामाला जुंपायचे तर पहाटेपासून आग पेटवावी लागे. पाणी, कोळसा, राख यांची उस्तवार आणि त्यासाठी निदान दोन माणसे. लांब पल्ल्याच्या गाडीला हे परवडते, कारण पेटविलेली आग सतत कामाला येते. पण कारखान्यातील शंटिंगचे काम तुटक असते: दहा मिनिटे ओढाओढ, मग तासभर स्वस्थता. त्या तासभरात वाफेचे इंजिन नुसते कोळसा खात उभे राहते. डिझेलचे इंजिन पाहिजे तेव्हा सुरू करावे, नको तेव्हा बंद करावे, आणि एकाच माणसाने चालवावे. जेथे तेल, कापूस किंवा रसायने साठविली जातात तेथे ठिणग्या उडविणारे धुराडे नको, हा लाभ वेगळाच. म्हणूनच डिझेलने आगगाडीच्या राज्यात प्रवेश केला तो राजरस्त्याने नव्हे, मागीलदाराने, यार्डाच्या वाटेने.

हिंदुस्थानातही तसेच घडले. मोठमोठी अल्को इंजिने मुख्य मार्गावर धावू लागली ती १९५७ नंतर. पण रुंदमापी रुळांवर डिझेलचे पाऊल त्यापूर्वी बारा वर्षे पडले होते: १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कारखान्याची १५ शंटिंग इंजिने येथे आली. त्यांचे स्वागत करण्यास कोणी हार घेऊन गेले असेल असे मला वाटत नाही.

इंग्लंडमध्ये लिंकन येथील रस्टन अँड हॉर्न्सबी या कारखान्याने अशी इंजिने शेकड्यांनी बांधली. आपल्याकडे 'रस्टन' हे नाव विहिरीवरच्या इंजिनामुळे शेतकऱ्यांना चांगले ठाऊक होते. याच कारखान्याचे '४८ डीएस' नावाचे रुळावरील इंजिन ४८ अश्वशक्तीचे, चार चाकांचे, वजनाने सुमारे साडेसात टन. रेल्वेच्या जगात साडेसात टन म्हणजे काहीच नव्हे.

आपल्या रायगड जिल्ह्यात असे छोटे डिझेल पाहावयाचे तर नेरळला जावे. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधलेली नेरळ-माथेरानची दोन फुटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. वीस फुटांस एक फूट असा चढ आणि पावलोपावली वळणे. त्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन-कोपेल कारखान्याची वाफेची चार इंजिने आणली होती. त्यांच्या टोकाच्या चाकांना पोकळ आस बसविलेले होते, त्यामुळे ती चाके वळणावर थोडी तिरकी होऊ शकत. १९५५-५६ च्या सुमारास युंग या जर्मन कारखान्याची डिझेल इंजिने माथेरानला आली. ती शंटिंगची नव्हेत, पाहुण्यांना डोंगरावर नेणारी; पण जात तीच, कारखान्यांच्या आणि खाणींच्या अरुंद रुळांसाठी इंजिने बांधणाऱ्या घराण्याची. पुढे आलेली 'एनडीएम-६' इंजिने बंगळूरच्या 'सॅन' कारखान्याची. आणि या कारखान्याचा मुख्य धंदाही उद्योगधंद्यांना शंटिंगची इंजिने पुरविण्याचाच.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. माथेरानच्या वाफेच्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मानाने उभे आहे, आणि एक तर समुद्र ओलांडून इंग्लंडला हौशी मंडळींकडे गेले. वाफेच्या इंजिनावर लोकांचा जीव जडतो. कारखान्यातले डिझेल मात्र निकामी झाले की, भंगाराच्या भावाने वजनावर विकले जाते. त्याचे माप कोणी घेत नाही, नकाशाही मागत नाही.

आता टेबलावर येऊ. आगगाडीची खेळणी जुनीच. पण त्यांना शिस्त लावली ती जर्मनीच्या मेर्कलिन कारखान्याने. १८९१ साली लायप्झिगच्या जत्रेत त्याने रुळांची ठरावीक मापे मांडली आणि गाडी, रूळ, सांधे हे वेगवेगळे घेऊन हळूहळू वाढविता येतील अशी सोय केली. इंग्लंडात मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्न्बीच्या गाड्या १९२० साली आल्या, आणि त्याच कारखान्याची 'हॉर्न्बी डब्लो' ही टेबलावर मावणारी मालिका १९३८ साली. या सगळ्या काळात प्रतिकृती व्हायची ती कोणाची? नावाजलेल्या एक्स्प्रेसच्या इंजिनांची, राजेरजवाड्यांची नावे धारण करणाऱ्यांची. मुलाला वाढदिवसाला यार्डातले मळकट इंजिन कोण देणार?

डिझेलच्या शंटिंग इंजिनाला खेळण्यात जागा मिळाली ती १९५६ मध्ये, ट्रायँग कारखान्याकडून. खरे इंजिन ब्रिटिश रेल्वेचे सहाचाकी. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत त्या जातीची ९९६ इंजिने बांधली गेली, म्हणजे इंग्लंडातल्या पोराने ते स्टेशनात रोज पाहिलेले. पण ट्रायँगने केले काय? आपल्याच एका वाफेच्या इंजिनासाठी बनविलेला चाकांचा सांगाडा घेतला आणि त्यावर डिझेलचे टोपण बसविले. वरून डिझेल, खालून वाफ! रूप आधुनिक आणि पाय जुने, असा हा प्रकार. तो आपल्याकडे केवळ खेळण्यातच दिसतो असे नाही. मुलांनी मात्र तक्रार केली नाही, आणि कारखान्याचा नवा साचा वाचला.

रस्टनसारख्या चारचाकी इंजिनाची बिनचूक, विजेवर चालणारी प्रतिकृती मोठ्या कारखान्यांनी बाजारात आणण्यास मात्र फार काळ जावा लागला. त्याचे कारण अनास्था हे तर खरेच, पण निसर्गनियम हेही आहे. इंग्लंडात रूढ असलेले प्रमाण १:७६. लांबी ७६ पट कमी झाली, तर वजन किती पट कमी होते? ७६ पट नव्हे. ७६ ला ७६ ने गुणून पुन्हा ७६ ने गुणावे, म्हणजे सुमारे ४ लाख ३९ हजार पट. साडेसात टनांचे इंजिन या हिशेबाने १७ ग्रॅमचे होते! रुळाला चाक चिकटून राहते ते वजनामुळे. सतरा ग्रॅमचे इंजिन वाघिणी काय ओढणार? त्याची चाके जागच्या जागी फिरतील. म्हणून कारागीर मिळेल त्या कोपऱ्यात शिसे कोंबतो. पण कोपरेच नाहीत, कारण सबंध इंजिन काडेपेटीएवढे, आणि त्यातच मोटर व दातेरी चक्रे बसवावयाची आहेत.

दुसरी अडचण विजेची. या गाड्यांना वीज मिळते ती रुळांतून, चाकांवाटे. दहा चाकांच्या इंजिनाचे एखादे चाक धुळीच्या कणावर चढले तरी बाकीची चाके वीज आणून देतात. चार चाकांच्या इंजिनाला एका रुळावर दोनच चाके. त्यांतले एक उचलले आणि दुसरे सांध्याच्या फटीवर आले की संपले, इंजिन उभे. हॉर्न्बीने अलीकडच्या काळात रस्टनची प्रतिकृती काढली तेव्हा यावर एक युक्ती योजिली. इंजिनाला एक छोटी सपाट वाघीण जोडून दिली आणि तिच्याही चाकांतून वीज घेतली. दिसायला वाघीण, कामाला इंजिनाचा आधार. मला हे उत्तर फार आवडते. स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नसेल तर शेजाऱ्याचे दोन पाय उसने घ्यावेत, हे शहाणपण त्या चिमुकल्या यंत्रात आहे.

तिसरी गोष्ट गतीची. शंटिंगचे इंजिन तासाला दहा किलोमीटरच्या आसपास चालते. १:७६ प्रमाणात हे अंतर सेकंदाला साडेतीन सेंटिमीटरहून थोडेसे अधिक भरते, म्हणजे जवळजवळ मुंगीची चाल. जुन्या खेळण्यांच्या मोटरी सशासारख्या पळत. त्यांना रांगता येत नसे. घड्याळे, कॅमेरे, भ्रमणध्वनी यांसाठी सूक्ष्म मोटरी होऊ लागल्या तेव्हाच हे रांगणे साध्य झाले.

आपल्याकडे या छंदाला आणखी एक पेच आहे. आपली रुंदमापी लाइन १६७६ मिलिमीटरची. बाजारात तयार मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. युरोपात रूढ असलेल्या १:८७ प्रमाणात आपले रूळ १९ मिलिमीटरहून अधिक रुंद हवेत, आणि इंग्रजी १:७६ मध्ये तब्बल २२. तयार रुळांवर आपली गाडी ठेवली की ती अरुंद पायांची दिसते. स्वतः रूळ करावेत तर आयुष्य रुळांतच जाते. माथेरानच्या दोन फुटी इंजिनाला उलटा त्रास: १:८७ ला रूळ ७ मिलिमीटरचे हवेत, मिळतात ते ९ चे. येथे 'चालसे' म्हणणारे आणि 'चालणार नाही' म्हणणारे असे दोन पंथ आहेत. मी पहिल्यांपैकी आहे, कारण दुसऱ्या पंथाची गाडी बहुधा सुटतच नाही.

तरीही आपल्या भाषेच्या मुलखात या छंदाला एक घर मिळाले आहे. पुण्यास कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सर्वांसाठी खुले केले. सिग्नल, पूल, रस्ते, दिवे यांनी सजलेल्या त्या नगरीत वाफेच्या, डिझेलच्या आणि विजेच्या गाड्या धावतात. योगायोग असा की, कोकण रेल्वे पूर्ण झाली तीही १९९८ सालीच. तुमच्यापैकी पुष्कळांनी मुलांना घेऊन ते पाहिले असेल. नसेल तर जरूर पाहावे.

पण घरी एवढी जागा कोठून आणावी? वीस डब्यांची गाडी १:८७ प्रमाणात साडेपाच मीटर लांब होते. माणगावच्या नव्या सदनिकेत तिला एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत उभे राहावयासही जागा पुरणार नाही, मग धावणे दूरच. आणि येथेच आपले उपेक्षित शंटिंग इंजिन मदतीला येते. त्याला धावावयाचे नसतेच. चार फुटांच्या फळीवर त्याचे सबंध जग मावते. अ‍ॅलन राइट या इंग्रज छांदिष्टाने अशा फळीसाठी 'इंगलनुक' नावाचा खेळ रचला. दोन सांधे आणि त्यांतून फुटणारे तीन फाटे: एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे रुळाचा एक तुकडा, इंजिन आणि तीन वाघिणी एवढ्यापुरताच. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या कोणत्या पाच, आणि कोणत्या क्रमाने, गाडीत लावावयाच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे आणि इंजिनाने पुढेमागे करून ती गाडी लांब फाट्यावर जुळवावयाची. अशा वेगवेगळ्या गाड्या ६,७२० होऊ शकतात. रोज एक जुळविली तरी अठरा वर्षे पुरतील.

हेच काम थळच्या खत कारखान्याकडे जाणाऱ्या फाट्यासारख्या ठिकाणी खऱ्या वाघिणींनी करावयाचे असते. आणि ते किती डोकेफोडीचे आहे हे फळीवर बसल्यावाचून कळत नाही. मोटर नको, वीज नको, परदेशी रूळही नकोत. आज घरी गेल्यावर जेवणाच्या टेबलावर खडूने तीन रेघा ओढाव्यात, आठ काडेपेट्यांवर आकडे घालावेत आणि इंजिन म्हणून नववी पेटी आडवी ठेवावी. नियम एकच: काडेपेटी हाताने उचलावयाची नाही, फक्त ओढावयाची किंवा ढकलावयाची. पहिल्या डावाला अर्धा तास लागेल.