गॅलियमचे नॅनोकण

गॅलियम धातूचे काही नॅनोमीटर ते काहीशे नॅनोमीटर व्यासाचे थेंब. त्यांच्यावर प्रकाश पडला की आतले मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावतात आणि कणालगतचे विद्युत्क्षेत्र कित्येक पटींनी वाढते. या सामूहिक दोलनाला प्लाझ्मॉन म्हणतात.

या क्षेत्रातले जुने मानकरी सोने आणि चांदी. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडवले. ते संशोधन २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापून आले. पण निळ्या प्रकाशापासून पुढे, अतिनीलकडे जाताना, सोने स्वतःच प्रकाश गिळू लागते. चांदी थोडी पुढे जाते, मात्र हवेतल्या गंधकाने काळवंडते. डीएनए आणि प्रथिने तर अतिनील प्रकाश शोषतात. तिथे गॅलियम उपयोगी पडते.

हा धातू पुण्याच्या बुधवार पेठेला अनोळखी नाही, फक्त तो संयुगांत लपलेला असतो: तिथल्या तपकीर गल्लीत विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या एलईडी माळांचा प्रकाश गॅलियम नायट्राइडवर आधारलेल्या चिपमधून येतो. प्लाझ्मॉनसाठी मात्र शुद्ध धातूच हवा. तो २९.७६° से.ला वितळतो, म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात कुपीतल्या कुपीत पातळ होतो.

कण वाढवण्याची रीत सोपी आहे, उपकरण महाग. निर्वात कक्षात नीलमाच्या चकतीवर गॅलियमच्या वाफेचा झोत सोडतात. धातू पृष्ठभागावर पसरत नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. झोत जितका वेळ चालू, तितके थेंब मोठे, आणि प्लाझ्मॉनचा अनुनाद अतिनीलकडून दृश्य व अवरक्त प्रकाशाकडे सरकतो. २००७ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि इटलीतील बारी येथील संशोधकांनी थेंब वाढत असतानाच हे सरकणे मोजून दाखवले. हवा लागताच थेंबावर ऑक्साइडाचा जेमतेम नॅनोमीटरभर थर येतो आणि तिथेच थांबतो. आतला धातू सुरक्षित राहतो. हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. नॅनोथेंब वितळणबिंदूच्या बरेच खालीही द्रव राहू शकतात. नीलमावरच्या थेंबांत घन गाभा आणि द्रव कवच एकत्र नांदतात, हे २०१६ मध्ये दिसून आले.

मुख्य उपयोग रेणू ओळखणाऱ्या रामन वर्णपटासाठी: कणांजवळच्या रेणूंचा क्षीण संकेत बळकट होतो.

दृश्य प्रकाशात सोन्याला हटवण्याचे कारण नाही. गॅलियमची खरी स्पर्धा ॲल्युमिनियमशी आहे. तेही अतिनीलमध्ये चालते, स्वस्त आहे आणि मुबलक मिळते. गॅलियम बहुतांशी बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उपउत्पादन म्हणून मिळते, तेही मुख्यतः चीनमध्ये. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आहे.