थप्पी किती उंच लावायची?

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याला दोन खर्च चुकत नाहीत: गाळ्याचं भाडं आणि हमाली. आता गंमत बघा, हे दोन खर्च एकमेकांना बांधलेले आहेत. भाडं जमिनीच्या चौरस फुटांवर. म्हणून व्यापारी पोत्यांची थप्पी उंच लावतो, मधली वाट अरुंद ठेवतो. जागा वाचली खरी. पण जुना माल राहिला मागे आणि तळाशी. तो काढायचा तर पुढची थप्पी मोडा, पुन्हा लावा. एकच पोतं दोन-तीनदा उचललं जातं. जागेत वाचलेला पैसा हमालीत जातो. निदान जायला हवा. तो खरोखर कोणी भरला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

मुंबईचंच उदाहरण घेऊ. मस्जिद बंदर, मांडवी, दाणाबंदर हा भाग गोदीला लागून. माल उतरवायला सोयीचा, म्हणून धान्याची गोदामं तिथेच दाटली आणि त्यांना खेटून माणसांची वस्तीही. सप्टेंबर 1896 मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला, तो याच मांडवीत. धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे पिसवा. या दाटीची किंमत कुठल्याही व्यापाऱ्याच्या खतावणीत नव्हती. ती शेजारच्या खोल्यांतल्या माणसांनी भरली.

दुसरी किंमत भरली हमालाच्या पाठीनं. शंभर किलोचं पोतं माणूस वाहायचा, बरं का! आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्यामुळे त्याचा मालक कोण, या प्रश्नाला उत्तरच नसायचं. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि 1969 चा माथाडी कायदा आला. कायद्यानं व्यापारी आणि हमाल यांच्यामध्ये मंडळ आणलं. मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. व्यापारी म्हणाले, हमाली महाग झाली. मला वाटतं, ती आधीही तेवढीच महाग होती. फक्त वहीत दिसत नव्हती.

पुढे बाजार टप्प्याटप्प्यानं वाशीला गेला. गाळे ऐसपैस झाले, पण मुंबईतल्या किरकोळ दुकानदाराला खाडीपलीकडून माल आणण्याचं गाडीभाडं आलं. म्हणजे खर्च पुन्हा जागा बदलून उभाच!

तेव्हा कोणी सांगितलं, की आम्ही गोदामाचा खर्च कमी केला, तर त्याचं अभिनंदन जरूर करा. मात्र लगेच विचारा, तो आता कोणाच्या डोक्यावर आहे?